बेझंट नगरची वाळू

चेन्नईला बदली झाली तेव्हा घर कुठं बघायचं याबद्दल आमच्यात दोन मतं नव्हती. मी रेवदंड्याची, हे मुरूडचे. बँकेतल्या सहकाऱ्यांनी अण्णा नगर सुचवलं, मैलापूर सुचवलं, कचेरीला जवळ म्हणून नुंगम्बाक्कम सुचवलं. आम्ही थेट अड्यार नदीपलीकडं गेलो, नदीच्या मुखाच्या दक्षिणेला वसलेल्या बेझंट नगरात. हे 2018 सालचं. पुढं बदलीची मुदत संपली, मी निवृत्तही झाले, आणि आम्ही अजून इथंच आहोत. पुण्यामुंबईचे नातेवाईक विचारतात, एवढं काय आहे तिथं? मी समुद्राबद्दल सांगायला लागते आणि बोलता बोलता वाळूवर येते.

अ‍ॅनी बेझंट यांचं नाव या उपनगराला मिळालं ते शेजारामुळं. थिऑसॉफिकल सोसायटीनं 1882 साली आपलं मुख्य ठाणं अड्यारच्या काठी हलवलं. तिचं गर्द झाडीचं आवार आजही नदी आणि आमची वस्ती यांच्यामध्ये पसरलेलं आहे. तिथल्या जुन्या वडाचं मूळ खोड 1989 च्या वादळात कोसळलं, तरी पारंब्यांच्या आधारानं वड उभा आहे. किनाऱ्याच्या अंगाला दोन कोळीवाडे आहेत, ऊरूर कुप्पम आणि ऑल्कॉट कुप्पम. दुसऱ्याला सोसायटीच्या संस्थापकांपैकी कर्नल ऑल्कॉट यांचं नाव आहे. कोळीवाडे आधीचे. आमचे सरळ रेषेतले रस्ते आणि प्लॉट नंतरचे, सत्तरच्या दशकात हाउसिंग बोर्डानं आखलेले.

दक्षिणेकडं अगदी लाटांच्या तोंडाशी अष्टलक्ष्मीचं मंदिर आहे, 1976 साली प्रतिष्ठापना झालेलं. तिथून जवळच वेलंकणी मातेचं चर्च. 29 ऑगस्टला तिथं ध्वज चढतो आणि 8 सप्टेंबरच्या सणापर्यंत शहराच्या कानाकोपऱ्यातून माणसं भगवे कपडे घालून अनवाणी चालत येतात. त्यांत हिंदूही पुष्कळ असतात. वारी पाहिलेल्या मराठी माणसाला त्या चालण्यातली लय ओळखीची वाटते. पहिल्या वर्षी मी फाटकाशी उभी राहून त्यांना पाणी देत होते, तेव्हा मागून मराठीत हाक आली, "आणखी एक कळशी भरून ठेवा."

त्या आमच्या घरमालकीणबाई. तंजावरच्या मराठी. वेंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत चालली. त्या काळात तिकडं गेलेल्या देशस्थ घराण्यांपैकी त्यांचं एक. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच तंजावरी मराठी समाजातले. काकूंची मराठी तमिळच्या चालीवर चालते, पण देवासमोरचे श्लोक आणि नातवंडांवरचं रागावणं मराठीतच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाटीभर डांगर पचडी पाठवली. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वरून मोहरीची फोडणी. आमच्या आजीच्या डांगराची चव मी तामिळनाडूतल्या एका स्वयंपाकघरात पुन्हा घेतली. काकूंच्या सासऱ्यांना हाउसिंग बोर्डाचा प्लॉट मिळाला तेव्हा इथं नुसती वाळू होती. त्यांनी घराच्या आधी विहीर खणली. त्या विहिरीबद्दल पुढं सांगते.

रेवदंड्याला समुद्राचं वेळापत्रक पंचांगात असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. अष्टमीच्या आसपास भांग, पुनवेला आणि अवसेला उधाण. सुकतीला पाणी इतकं मागं जातं की बायका कोयते घेऊन खडकांवरची कालवं काढायला जातात. इथं या हिशोबाला काही काम नाही. कोकणात भरती-ओहोटीत तीन-चार मीटरांचा फरक पडतो, उधाणाला त्याहून अधिक. इथं तो जेमतेम मीटरभर. पाणी मागं हटतच नाही, एकाच जागी उभं राहून दिवसरात्र आपटत असतं. किनारा एकदम उतरता, लाट अंगावर फुटणारी, आणि परतणाऱ्या पाण्याची ओढ अशी की गुडघाभर पाण्यातही पाय रोवता येत नाही. वाळूत एक पांढरी कमान उभी आहे. पर्यटक तिच्यापुढं फोटो काढतात. ती कार्ल श्मिट या डेन्मार्कच्या माणसाची आठवण आहे. बुडणाऱ्यांना वाचवायला तो पाण्यात शिरला आणि परत आला नाही, 1930 च्या डिसेंबरातली गोष्ट. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी त्या कमानीपाशी नेते, मग पाण्यापाशी.

सूर्य समुद्रातून उगवतो, हे पश्चिम किनाऱ्याच्या माणसाला पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. पुढं सवय होते. पुनवेचा चंद्रही इथं समुद्रातूनच वर येतो. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर गर्दी असते आणि मिरचीची भजी, कैरी-खोबरं घातलेलं वाटाण्याचं सुंडल हातोहात खपतं.

खरा फरक मला कळला तो ऊरूर कुप्पममध्ये. मासळी घ्यायला जायचे, तिथं एका वयस्क मच्छीमारांशी ओळख झाली. माझी तमिळ तेव्हा बाजारापुरती, त्यामुळं हातवारे करून बोलणं चाले. मी त्यांना सांगत होते की आमच्याकडं होड्या खाडीत लागतात, उधाणात सुरक्षित असतात. ते म्हणाले, "अम्मा, तुम्हाला खाडी आहे. आम्हाला वाळू आहे."

हे बोलणं मी पुष्कळदा आठवलं आहे. या किनाऱ्याला आडोसा नाही. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं लांब समुद्रात उभी राहात आणि माणसं, माल काथ्यानं शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर येत. खिळ्यांची होडी त्या आपटण्यात फुटली असती, शिवलेली होडी लवते. कोळ्यांचा कट्टुमरमही तसाच, ओंडके दोरानं बांधून केलेला. आता फायबरच्या होड्या आल्या, मागं मोटर आली, तरी किनाऱ्याला लागण्याची रीत तीच आहे. लाटेवर स्वार होऊन थेट वाळूवर यायचं आणि होडी ओढून वर घ्यायची. मग त्याच वाळूवर जाळी पसरायची, फाटली असेल तिथं विणायची, नेत्तिली मासळी सुकवायची, माशांचा लिलाव करायचा. संध्याकाळी तिथंच पोरं खेळतात. कोकणातल्या कोळीवाड्यात ज्या कामांना धक्का, खाडी, खळं अशा वेगवेगळ्या जागा असतात, ती सगळी इथं एका वाळूच्या पट्ट्यावर चालतात. बाहेरच्या माणसाला तो पट्टा मोकळा पडलेला दिसतो. म्हणूनच किनाऱ्यावरून रस्ता काढायच्या, उन्नत मार्ग नेण्याच्या योजना अधूनमधून पुढं येतात आणि कुप्पमच्या लोकांना दर वेळी उठून सांगावं लागतं की ही जागा रिकामी नाही.

वाळू एका जागी राहात नाही, हेही त्यांनीच दाखवलं. नैर्ऋत्येचा वारा असतो त्या महिन्यांत प्रवाह वाळू उत्तरेला नेतो. वर्षअखेरच्या इथल्या पावसाळ्यात उत्तरेचा वाडै वारा सुटला की ती दक्षिणेला येऊ लागते. वर्षाचा हिशोब मांडला तर उत्तरेला जाते ती जास्त. अड्यारच्या मुखाशी उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. उन्हाळ्यात तिथं वाळूचा बांध तयार होतो आणि नदी कोंडली जाते, पावसाळ्यात पूर आला की बांध फुटतो. शेजारीच एक तुटका पूल आहे, सत्तरच्या दशकातल्या पुरानं मधला भाग नेला तो पुन्हा कुणी बांधला नाही. उत्तरेला मद्रास बंदराच्या भिंती 1870 च्या दशकात बांधायला घेतल्या आणि त्यांनी ही चालती वाळू अडवली. मरीनाचा प्रसिद्ध रुंद किनारा म्हणजे बराचसा हीच अडलेली वाळू. बंदराच्या पलीकडं रोयापुरमच्या बाजूला वाळू पोचेना, तिथं समुद्र जमीन खात गेला आणि कोळ्यांची घरं गेली. एकाच भिंतीनं शहराला फिरायची जागा दिली आणि गरिबांची राहायची जागा काढून घेतली.

मासळीचंही सांगायला हवं. सुरमई इथं वंजरम नावानं मिळते आणि तिला मान मोठा. पापलेट, बांगडा, तारली सगळं आहे. बोंबलाची मात्र आशा सोडावी लागते. यांत्रिक बोटींची मासेमारी बंदी इथं 15 एप्रिलला लागते आणि 14 जूनला संपते. आपल्याकडची 1 जूनला सुरू होऊन 31 जुलैला संपते. त्यामुळं रेवदंड्याचे भाऊ सुकटीवर दिवस काढत असतात तेव्हा आमच्या ताटात ताजा मासा असतो. हे मी त्यांना फोनवर सांगत नाही.

पाऊसही उलटा. जूनमध्ये सगळा महाराष्ट्र आभाळाकडं बघतो तेव्हा इथं ऊन भाजत असतं. मे महिन्यात पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून, तापलेला वारा येतो. समुद्राचा वारा त्याला रेटून आत शिरायला बघत असतो. ज्या दिवशी तो बारा-एकच्या सुमारास शिरतो त्या दिवशी निभावतं. जमिनीचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा दुपार उलटेपर्यंत येत नाही आणि पारा चाळिशी ओलांडतो. आमच्या पूर्वेच्या खिडकीचा पडदा सकाळी बाहेरच्या बाजूला ओढलेला असतो. तो क्षणभर लोंबकळतो, मग हळूच आतल्या बाजूला फुगतो. काकू खालून ओरडतात, "आला!" आणि गल्लीतल्या सगळ्या पूर्वेच्या खिडक्या उघडायचे आवाज येतात. याच वाऱ्यानं बिजागऱ्या गंजतात, फ्रिजचा पत्रा फुगतो, दाराच्या कड्या वर्षादोन वर्षांनी बदलाव्या लागतात. त्याचं मला काही वाटत नाही.

आता विहीर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोडं. वाळूत पडलेला पाऊस सरळ खाली मुरतो आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. तिरुवन्मियूरपासून दक्षिणेला किनाऱ्याच्या वाळूखाली असं पाणी मैलोन् मैल आहे. ते जितकं मुरतं तितकंच काढायचं. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग विहीर वर्षानुवर्षं सुधारत नाही. काकूंच्या घरात मोटर सलग अर्ध्या तासाहून जास्त चालत नाही. भाडेकरूंना घर देताना त्या भाड्याच्या आधी हा नियम सांगतात.

2019 च्या उन्हाळ्यात या नियमाची किंमत कळली. शहराला पाणी देणारे चारही तलाव, पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम, कोरडे पडले. टँकरसाठी रात्री रांगा लागत. जुलैत जोलारपेटहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवून मला गलबलून आलं. आमच्या गल्लीत एका नव्या इमारतीच्या बोअरला तेव्हा खारं पाणी लागलं. काकूंच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, तळ दिसू लागला, पण गोडं राहिलं. शेजारच्या तीन घरांनी त्यावर स्वयंपाक केला. छपराचं पाणी जमिनीत मुरवण्याची सक्ती तामिळनाडूनं 2003 साली केली होती. ज्यांनी ती मनापासून पाळली त्यांचं कसंबसं निभावलं. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प मिंजूर आणि नेम्मेलीला आहेत आणि त्यांची शहराला गरजही आहे. पण एवढी वीज खर्चून समुद्र गोडा करायचा आणि पायाखाली आयतं मुरणारं गोडं पाणी फरशीखाली अडवायचं, हे मला पटत नाही.

फरशी म्हणजे अक्षरशः फरशी. जुनी घरं पाडून मजले चढतात, आणि नव्या इमारतीच्या अंगणात इंचभर वाळू उघडी ठेवत नाहीत. गाड्यांसाठी तळघर खणतात. आमच्या मागच्याच रस्त्यावर एका बांधकामात तळघर कोरडं ठेवायला आठवडेच्या आठवडे पंप चालला. गोडं स्वच्छ पाणी गटारातून समुद्रात जात होतं. काकू काठी टेकत तिथं गेल्या, ओंजळीत पाणी घेतलं, प्यायल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "हे तू फेकतोस?" पंप थांबला नाही. पण त्यानंतर आमच्या गल्लीतल्या लोकांनी बैठक घेतली आणि आपापल्या अंगणातल्या फरश्या काही ठिकाणी उखडल्या.

त्याचा उपयोग 2023 च्या डिसेंबरात दिसला. मिचाँग चक्रीवादळाच्या दोन दिवसांत आभाळ फाटलं. वेळाचेरी, पळ्ळिकरणै या दलदलीत भराव घालून उठवलेल्या भागांत कितीतरी दिवस पाणी साचून राहिलं, लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. आमच्याकडं वीज गेली, झाडं पडली, गल्लीत पोटरीभर पाणी झालं. पाऊस थांबल्यावर ते एका रात्रीत जमिनीत गेलं. जिथं फरसबंदी पूर्ण होती तिथं दोन दिवस तसंच राहिलं. विहीर काठोकाठ भरली होती.

डिसेंबर हा एरवी इथला गाण्याचा महिना. तमिळ मार्गळी महिना सुरू होतो, पहाटे दारादारांत कोलमच्या रांगोळ्या उमटतात, सभागृहांतून कर्नाटक संगीताच्या मैफली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 साली सुरू केलेलं कलाक्षेत्र शेजारच्या तिरुवन्मियूरमध्ये आहे. गायक टी. एम. कृष्णा आणि काही कार्यकर्त्यांनी कुप्पमच्या रहिवाशांबरोबर 2015 साली ऊरूर-ऑल्कॉट कुप्पममध्येच उत्सव भरवायला सुरुवात केली, तेव्हा मैफल वाळूकाठी आली. त्याविषयी स्वतंत्र लिहायला हवं.

मार्गळी संपता संपता कासवं येतात. ऑलिव्ह रिडले, तीच जी रत्नागिरीत वेळासला आणि गोव्यात मोरजीला येतात. इथं विद्यार्थ्यांची एक संस्था 1988 पासून जानेवारी ते मार्च रात्री किनारा चालते, नीलांकरैपासून बेझंट नगरपर्यंत साधारण सात किलोमीटर. शनिवारच्या फेरीत सामान्य लोकांनाही बरोबर नेतात. मी गेले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. पुढं चालणारी मुलगी एकदम थांबली. पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला असा वल्ह्यांनी ओढल्यासारखा माग वाळूत होता. वरच्या टोकाला वाळू विस्कटलेली. तिनं काठी घेतली आणि इंच-इंच सरकवत वाळूत टोचत गेली. कडक, कडक, कडक, आणि एका ठिकाणी काठी अलगद आत गेली. मग काठी ठेवून हातांनी उकरायला लागली. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर पहिलं अंडं लागलं. पांढरं, गोल, ओलसर, दाबलं तर किंचित दबणारं. एकेक मोजून कापडी पिशवीत ठेवलं, सोबत त्याच घरट्यातली मूठभर वाळू. शंभराच्या वर अंडी निघाली. मग खड्ड्याची खोली आणि रुंदी मोजली, कारण किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या जागेत अगदी तसाच, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं असलेला खड्डा करून ती पुन्हा पुरायची असतात. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांत पिल्लं निघतात. नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, जास्त तापली तर माद्या.

मी त्या मुलीला विचारलं, अंडी आहेत तिथंच का नाही ठेवत? ती म्हणाली, कुत्री खातील, कुणी उकरेल, आणि त्यातून वाचली तरी पिल्लं भलतीकडं जातील. पिल्लू रात्री वाळूतून बाहेर आलं की उजेडाकडं धावतं. पूर्वी किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असायचा तो समुद्र. आता सगळ्यात उजळ असतात रस्त्यावरचे दिवे, हॉटेलं आणि आमच्या गच्च्या. पिल्लं उलटी रस्त्याकडं येतात आणि सकाळी चिरडलेली सापडतात.

2025 च्या जानेवारीत चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवं लागली. सकाळी फिरायला गेलं की दर थोड्या अंतरावर एक. डोळे सुजून बाहेर आलेले. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही, ते गुदमरून मरतं. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरला मनाई आहे, कासवाला निसटायला वाट देणारं साधन जाळ्याला लावायचा नियम आहे. नियम पाळले गेले असते तर एवढी मेली नसती, असं कुप्पमचे तेच वयस्क मच्छीमार मला म्हणाले. त्यांची होडी लहान, आणि पाच मैलांच्या आत घुसणारे ट्रॉलर कासवांबरोबर त्यांचीही जाळी फाडून नेतात.

समुद्रात जाऊन जाळ्यांवर पहारा ठेवणं माझ्या हातात नाही. गच्चीवरचा दिवा आहे. आमच्या इमारतीत जानेवारी ते एप्रिल रात्री दहानंतर समुद्राच्या बाजूचे दिवे बंद असतात. तेराही कुटुंबांना ते पटवायला एक हंगाम गेला, आता मुलंच आठवण करतात. तुमचं घर, रिसॉर्ट किंवा होम-स्टे कासवांच्या किनाऱ्यावर असेल, इथं किंवा वेळासला, आंजर्ल्याला, मोरजीला, तर तिथल्या हंगामाचे महिने वनखात्याच्या माणसांना विचारा आणि तेवढे महिने समुद्राकडचा दिवा रात्री बंद ठेवा. अंगण फरसबंद करणार असाल तर निम्मी वाळू उघडी सोडा.